ओली पत्ती

माझ्या मसाल्यात लवंग नसते, हे तुमच्या लक्षात आलंय. आलंच असणार. आज दिवा लावून निवांत बसलो आहोत, तर सांगते. पण एकदाच सांगेन.

सुरुवात झाली ती मी पोस्टात गेले तिथून. बांगलादेशची लढाई संपून तीनेक महिने झाले होते. आम्ही तेव्हा सावेडीला राहायचो. आताचं सावेडी डोळ्यांपुढे आणू नका. चार-दोन बंगले, बाकी सगळी उघडी रानं, आणि त्या रानांच्या कडेला आमचं दोन खोल्यांचं घर. पोस्टाची पेटी गाठायला अर्धा तास चालावं लागे.

त्या दुपारी माझ्या पिशवीत पाच कार्डं होती. पाचही माझ्याच अक्षरातली. मी मॅट्रिक, त्यामुळे बँडचा सगळा पत्रव्यवहार माझ्याकडेच असायचा. मजकूर एकच होता : 'चैत्रात भैरवनाथाच्या जत्रेत आपला त्रिवेणी बँड पुन्हा उभा राहत आहे. जरूर येणे.'

माझे यजमान, जालिंदर, या बँडात क्लॅरिनेट वाजवायचे आणि मधेच ते बाजूला ठेवून गळ्यात संबळ अडकवायचे. बँड उभा केला आसाराम मास्तरांनी. मास्तर लष्कराच्या बँडात ट्रंपेट वाजवून निवृत्त झालेले. कॅम्पातल्या क्लबात साहेब लोक ज्या जॅझच्या चालींवर नाचायचे, त्या मास्तरांनी गोंधळाच्या संबळावर आणि भीमाभाऊंच्या हलगीवर बसवल्या. आधी लोक हसले. मग श्रीगोंद्यापर्यंतची गावं त्यांच्यासाठी जत्रेच्या तारखा धरून बसू लागली. आणि त्यावर गायची चांगुणा.

चार कार्डं मी पेटीत टाकली. पाचव्यावर 'चांगुणाबाई, दौंड' असा पत्ता होता. ते मी घरी आणलं आणि उडदाच्या डाळीच्या डब्यात, अगदी तळाशी घातलं. संध्याकाळी यजमानांना म्हणाले, "टाकली हो सगळी."

का केलं, तेही सांगते. क्लॅरिनेटच्या वरच्या, फुंकायच्या तोंडीला वेताची पातळ पत्ती असते. ती ओली असली तरच सूर लागतो, सुकली की चिरकते. यजमान संबळ घेत तेव्हा दहा-पंधरा मिनिटं पत्ती वाऱ्यावर राही. म्हणून ते तोंडी काढून चांगुणाच्या हातात देत, आणि ती ओठांत धरून उभी राही. गालात लवंग असायचीच तिच्या, गळ्यासाठी. संबळ संपला की हे न बघताच मागे हात करत. ती तोंडी हातावर ठेवी, हे ती तशीच क्लॅरिनेटला बसवून ओठाला लावत.

मी हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा लग्नाला दोन वर्षं झाली होती. नवऱ्याचं उष्टं खाण्याचा मान बायकोचा. मी रोज त्यांच्या ताटात जेवत होते. आणि इथे हजार माणसांपुढे माझा नवरा दुसरीचं उष्टं तोंडात घेत होता.

एकदा धीर करून म्हणाले, "मी धरत जाऊ का ती पत्ती?"

ते हसले. वाईट हेतूने नाही. "अगं, ते गाणारणीचं तोंड लागतं. तुझ्या तोंडात कोरडी पडेल ती."

ते वाक्य माझ्या काळजात रुतून बसलं. वर्षभराने मी त्यांना माझी शपथ घातली आणि बँड सोडायला लावला. क्लॅरिनेट गेलं म्हणून बँड मोडला. ते एसटीच्या वर्कशॉपात लागले आणि आठ वर्षं घरात कुणी शीळसुद्धा घातली नाही. म्हणूनच मास्तर पुन्हा जुळवाजुळव करायला आले, तेव्हा मला नाही म्हणवलं नाही. मी एवढंच ठरवलं, बँड येऊ दे. ती नको.

कार्डं टाकली त्याच्या दुसऱ्या दिवशी यजमानांनी ट्रंकेतून क्लॅरिनेटची पेटी काढली. नवी पत्ती कालच बांधून ठेवली होती. पेटी उघडली आणि म्हणाले, "अरे वा. भिजवून ठेवलीस?"

मी जवळ जाऊन पाहिलं. पत्ती ओली होती. मी पेटीला हातही लावला नव्हता. पण त्यांच्या चेहऱ्यावर असा आनंद होता, आणि तो माझ्याकडे बघून होता...

"हो," मी म्हणाले.

मग ते रोजचंच झालं. ते कामावरून येत, पेटी उघडत, पत्ती ओली असे. रोज म्हणत, "हात लागलाय हं तुझा." आणि रोज मी न केलेल्या कामाची शाबासकी घेई.

एका दुपारी मी एकटी ज्वारी निवडत बसले होते. वारा पडला होता. रानात चिटपाखरू नव्हतं. ट्रंकेतून आवाज आला. सूर नव्हता तो. पत्तीवरून नुसता श्वास जावा, तसा. आत... बाहेर... आत... मी सूप खाली ठेवलं. कुलूप काढलं, पेटी उघडली. आवाज थांबला. पत्ती ओली होती, आणि कोमट. वाकले तर लवंगेचा वास आला.

घाबरायला हवं होतं. मला राग आला. माझ्या घरात, माझ्या ट्रंकेत! मी पदराने ती पत्ती खसखसून पुसली. संध्याकाळी ती पुन्हा ओली होती.

"चांगुणाचं उत्तर नाही आलं," यजमान म्हणाले.

"येईल की."

"ती नसेल तर मजा नाही."

मी भाकरी जरा जोरातच थापली.

जत्रेच्या चार दिवस आधी भीमाभाऊ दौंडकडून आले. हलगी खांद्याला तशीच. पाणी प्यायले, तांब्या खाली ठेवला आणि म्हणाले, "जालिंदर, चांगुणा गेली रं. पौषात. छातीचं दुखनं हुतं."

यजमान भिंतीला टेकले. मी हिशोब केला. पौष. म्हणजे मी कार्ड लिहिलं तेव्हा ती जिवंतच नव्हती. खरं सांगते, मला हायसं वाटलं. माझ्या हातून काही घडलंच नव्हतं.

"मी तिला म्हनलं हुतं," भीमाभाऊ सांगत होते, "मास्तर बँड उभा करनार हायती, कार्ड यील तुला. तर हसली. म्हनली, कार्ड विमलबाई लिहिनार ना? मग ते डब्यात पडल, पेटीत न्हाई."

भीमाभाऊ डोळे पुसत हसले. "लई टोचून बोलायची बया."

मी स्वयंपाकघरात गेले आणि डाळीत कोपरापर्यंत हात घातला. कार्ड तिथेच होतं. कोरडं, मी लिहिलं तसंच. फाडून टाकणार, तेवढ्यात हे पाणी मागायला आत आले. मी ते पुन्हा तळाशी दडपलं.

ते पाणी प्यायले नाहीत. तांब्या हातात धरून उभे राहिले. "आता पत्ती कोण धरणार? तूच धर. एवढे दिवस सांभाळलीस की."

नऊ वर्षं ज्याची वाट पाहिली, ते मला मिळालं. एक बाई मेली म्हणून मिळालं. तरी मी जत्रेला जाताना लग्नातलं लुगडं नेसले.

दिवस मावळला तसा देवळापुढे चौथऱ्यावर बँड उभा राहिला. पेट्रोमॅक्सच्या बत्त्या फरफरत होत्या. गुलाल, घाम, रेवड्या आणि रॉकेलचा वास. मास्तरांनी ट्रंपेट उचललं आणि गर्दीतून आरोळी उठली. म्हातारी माणसंसुद्धा टाचा उंचावून बघू लागली. यजमानांनी पहिली चाल वाजवली. मग क्लॅरिनेटची तोंडी काढून माझ्या हातात दिली आणि संबळ गळ्यात अडकवला.

मी ती ओठांत धरली.

पत्ती गरम होती. आत्ताच त्यांच्या तोंडातून आली म्हणून असेल, असं मनाला सांगितलं. पण मग माझ्या जिभेखाली पाणी सुटलं, लवंगेसारखं तिखट पाणी. गाल आतून बधिर झाला. तोंडी बाहेर काढायला गेले तर ओठ उघडेनात. कुणीतरी माझा श्वास माझ्याआधी घेत होतं. आत... बाहेर... आत... संबळ लांब जात चालला. बत्त्या बारीक झाल्या. शेवटी मला दिसला तो यजमानांचा मागे आलेला, उघडा हात.

भानावर आले तेव्हा मी देवळाच्या पायरीवर बसले होते. देवाच्या पालखीचा छबिना निघाला होता. घसा जळत होता. मास्तर समोर उभे राहून हात जोडत होते.

"विमल, पोरी, असा गळा असून इतकी वर्सं गप बसलीस?"

"मी... काय केलं?"

"काय केलं म्हनं! जत्रा रडवली."

भीमाभाऊ मात्र लांबच उभे होते. त्यांनी हलगी पोटाशी घट्ट धरली होती. हळूच म्हणाले, "वहिनी... ते गानं चांगुणानं कुनालाच दिलं न्हवतं. तुमी कुठून घेतलं?"

मी आयुष्यात पाळण्याखेरीज काही गायले नाही. मी यजमानांकडे पाहिलं. ते माझ्याकडेच बघत होते. नऊ वर्षांपूर्वी चौथऱ्यावर ते तिच्याकडे बघायचे, अगदी तसे.

तेव्हापासून ते रोज संध्याकाळी वाजवतात. रोज तोंडी माझ्या हातात देतात. पत्ती माझ्या तोंडात कधी कोरडी पडत नाही. त्यांचं माझ्यावर इतकं प्रेम कधीच नव्हतं, सगळे म्हणतात. मला ते बघवत नाही. आपल्याच नवऱ्याने आपल्याकडे प्रेमाने बघावं, आणि आपण जळून मरावं, असं कुणाच्या वाट्याला आलं असेल का?

घरातली लवंग मी टाकून दिली. सकाळी उशी तरीही तिचाच वास घेऊन उठते.

त्याच वर्षी आषाढात डाळीचा डबा संपला. ते कार्ड वर आलं. कुठे शिक्का नाही, डाग नाही. 'जरूर येणे' हे माझे शब्द तसेच होते. त्यांच्या खाली शाई अजून ओली असावी तशी चमकत होती, आणि एक ओळ जास्तीची होती. अक्षर माझंच.

'सुखरूप पोचले.'