खडूचा गोल

मी फार शिकलेलो नाही. सातवीत शाळा सुटली. पण रंध्यावर हात बसलाय, एवढं मात्र अभिमानाने सांगतो.

लाकूड कंपनीची ती जुनी इमारत. खालची वखार कधीच बंद पडली. वर आता भाड्याने द्यायला छोटी छोटी ऑफिसं होतायत. कोपऱ्यातल्या खोलीचं फळ्यांचं दार मिस्त्रींनी मला एकट्याला बनवायला दिलं.

"सकाळी बघेन. जमलं तर कारागीर, नाहीतर परत गोण्या उचल!"

माझे आजोबा, आईचे वडील, हयात असताना इथेच लाकूड पारखायचे. बोटाच्या पेराने तीन ठोके, मग कान लावायचा. फळी निर्दोष निघाली तर खडूने गोल. गोल पडला की फळी थेट करवतीखाली.

दुपारी चारला दार बसलं. एका फळीला चीर होती. सरस आणि भुसा भरून मी ती बुजवली, वरून रंधा मारला. कुणाला कळणार होतं?

आतून दार लावलं, तसा नुकत्याच चिरलेल्या ओल्या सागाचा वास आला. माझं लाकूड तर जुनं, खडखडीत वाळलेलं.

मग बाहेरून... टक, टक, टक.

"मिस्त्री?"

ठोके पुढच्या फळीवर सरकले. मग तिच्या पुढच्या. चिरेच्या फळीवर आवाज बसका झाला... थप. थप. आणि तिथेच थांबला.

"कळलं..." मी पुटपुटलो. "बदलतो."

दार उघडलं. बाहेरच्या भुशात फक्त माझीच पावलं. ती फळी काढली, नवी घातली. सांधा असा बसला की नख शिरेना. पुन्हा दार लावलं. ठोके एकेका फळीवरून खणखणत गेले.

शेवटचे तीन माझ्या पाठीवर पडले.

मी वळून पाहिलं नाही.

सकाळी मिस्त्रींनी दारावरून हात फिरवला. "शोभतोस रे आजोबांचा नातू!" छाती फुगली माझी.

घरी आलो तर आई माझा आदल्या दिवसाचा शर्ट हातात धरून बसली होती. पाठीवर खडूचा गोल.

"बाबांनी पास केलं तुला," ती डोळे पुसत म्हणाली.

मलाही भरून आलं. पण तीनदा धुऊनही तो गोल जात नाही. आणि काल दार पुसत होतो, तेव्हा खालच्या बंद वखारीत करवत सुरू झाली...