आर्सेनी लुकिचचं न धुतलेलं पदक

जमीन पुसायचं नवं फडकं आणायला म्हणून मी त्या दिवशी दुकानात निघाले होते. आमच्या घरात फडकी फार लवकर कुजायची. दुपारची वेळ होती, पण डिसेंबरात आमच्या खाडीकाठी दुपार आणि रात्र यांतला फरक फक्त घड्याळाला कळतो. सूर्य नोव्हेंबरअखेर जातो तो जानेवारीतच तोंड दाखवतो. जिन्यात खालच्या मजल्यावरच्या पेलागेयाने मला गाठलंच.

"तास्या, तुमचं पाणी पुन्हा माझ्या छतातून गळतंय. दारात मासे पाळलेत की काय?"

"सासरे येतात," मी म्हटलं.

"ते तर युद्धात गेले ना गं?"

"गेले. पण येतात ते पाय न पुसता येतात."

पेलागेया खो खो हसली आणि घरात गेली. मी थट्टा करत नव्हते. थट्टा करायचं त्राण माझ्यात उरलेलंच नव्हतं.

लग्न होऊन मी या घरात आले तेव्हापासूनची ही कटकट. सूर्य गेला की साताठ दिवसांत सुरू व्हायची. भर दुपारी, बाहेर मिट्ट काळोख, आणि जिन्यावर जड, लोकरी बुटांची पावलं. कोणीतरी खूप दमून चढतंय अशी. मग दाराच्या फटीतून वास यायचा, पेट्रोलचा आणि ओल्या मेंढीच्या कातड्याचा. आणि मग, अगदी दारापाशी, एक तरुण, घाईतला आवाज...

"आलोच..."

बस, एवढंच. दार आतून बंद असायचं, कडी जागच्या जागी असायची, आणि दाराच्या आत, जमिनीच्या फळ्यांवर, वितळत्या बर्फाचं थारोळं. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी तीन दिवस तापाने फणफणले. चौथ्या दिवशी उठून पुसायला लागले, कारण दुसरं कोण पुसणार? सासूबाई तर स्वयंपाकघरात बसून केस विंचरत असायच्या, गालावर लाली चढलेली, आणि दूधवाला आल्यासारखं सहज म्हणायच्या, "सेन्या आला वाटतं."

एकदा माझ्या तोंडून निघून गेलं, "मेला, निदान बूट तरी झटकेल!" आणि लगेच जीभ चावली. शिवी म्हणून घातलेला शब्द शब्दशः खरा असावा, याहून वैतागाची गोष्ट नाही.

या सगळ्याच्या मुळाशी ते पदक. माझे सासरे, आर्सेनी लुकिच, सासूबाईंचा सेन्या, लढाऊ विमान चालवायचे. त्रेचाळीसच्या हिवाळ्यात त्यांना लाल निशाणाचं पदक मिळालं. नवं पदक मिळालं की ते धुवायचं असतं, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक. धुवायचं म्हणजे पेल्यात टाकायचं, वरून काठोकाठ व्होडका ओतायची, आणि मालकाने एका दमात तळापर्यंत पिऊन पदक ओठांनी उचलायचं. तोवर ते पदक नुसता धातूचा तुकडा. धावपट्टीशेजारच्या खंदकात साथीदारांनी मगमध्ये पदक टाकलं, वरून ओतली, आणि तेवढ्यात आकाशात लाल गोळा उडाला, तातडीने उड्डाण करायचा इशारा. सासऱ्यांनी हातातला मग खाली ठेवला. "ओतून टाकू नका, आलोच," म्हणाले आणि विमानाकडे पळाले. ते विमानही मिळालं नाही आणि तेही. साथीदारांनी ते पदक मोज्यात लपवून सासूबाईंना आणून दिलं. त्या तेव्हा सात महिन्यांच्या गरोदर होत्या. पोटातला तो माझा नवरा, रोदिओन, आमचा रोद्या.

सासूबाईंनी ते पदक चहाच्या डब्यात ठेवलं आणि कोणाला कधी धुवू दिलं नाही. त्यांचा हिशेब सरळ होता: धुवायचं राहिलंय म्हणून तो येतो. धुतलं की यायचं कारण संपलं.

मीही एवढी वर्षं गप्प बसले. बाईला नवऱ्याची पावलं ऐकून सुख मिळतंय, मिळू दे, माझी कंबर मोडली तरी चालेल. पण पहिल्या वर्षी दाराशीच थांबणारं ते पाणी पुढच्या वर्षी स्वयंपाकघरापर्यंत आलं, त्याच्या पुढच्या वर्षी स्वयंपाकघर ओलांडून गेलं. आणि त्या वर्षी ते आमच्या झोपायच्या खोलीच्या उंबऱ्याला लागलं होतं. पलंगाच्या ज्या बाजूला रोद्या झोपतो, त्या बाजूला.

रोद्याही वैमानिकच. बापाला कधी पाहिलं नाही, पण बापासारखाच. किनाऱ्यावरच्या वस्त्यांना डाक पोचवणारं दोन पंखांचं छोटं विमान चालवायचा. त्या आठवड्यात तो घरी आला तो जेवला नाही. काळ्या पावाचा तुकडा बोटांत कुस्करत बसला आणि मग आपणहून म्हणाला, "तास्या, आज माझ्या डावीकडे कोणीतरी होतं."

"कोण?"

"जुनं विमान. एका माणसापुरतं. दिवे नाहीत, काही नाही. त्याने पंख हलवले माझ्याकडे बघून."

"म्हणजे काय?"

"म्हणजे, माझ्या मागून ये." तो हसला. त्याचं ते हसू मला मुळीच आवडलं नाही. "मी वळलो थोडा त्याच्या मागे. छान वाटत होतं गं. इंधनाचा काटा दिसला तेव्हा भानावर आलो. खाली नुसता समुद्र होता."

माझ्या हातातलं फडकं गळून पडलं. इतकी वर्षं मी पाणी पुसत बसले होते आणि घर जळत होतं.

मी तडक स्वयंपाकघरात गेले. "आई, उद्याच्या उद्या ते पदक धुवायचं."

"त्याला हात लावायचा नाही."

"ते रोद्याला बोलावताहेत."

"बाप आहे तो. लेकराला बघायला येतो. कधी बघितलंय का त्याने?"

"समुद्रावर नेऊन बघायचंय होय?"

"तुझं काय जातं गं?" सासूबाईंचा आवाज चिरकला. "माझा नवरा येतो, तर तुझं काय जातं?"

"माझा नवरा जातोय, ग्लाफिरा मात्वेयेव्ना!"

मी त्यांना पूर्ण नावाने हाक मारते तेव्हा मी किती चिडलेय ते त्यांना कळतं. त्यांनी चहाचा डबा छातीशी धरला आणि भिंतीकडे तोंड केलं.

शनिवारी सासूबाई सार्वजनिक न्हाणीघरात जायच्या. वाफ घ्यायच्या, बायकांशी गप्पा मारायच्या, दोन-तीन तास निवांत. डबा काही न्हाणीघरात नेता येत नाही. त्या जिन्यावरून उतरल्या आणि मी पदक काढलं. पांढऱ्या मिन्यावर लाल निशाण, मागे खिळा. हाताला इतकं गार लागलं की मी ते पदराआड धरल्यासारखं ॲप्रनमध्ये गुंडाळूनच टेबलापर्यंत नेलं.

रोद्याची त्या दिवशी सुट्टी होती. मी त्याला सगळं पढवून ठेवलं होतं. तीन पेले. दोन आमचे, आणि तिसऱ्यात पदक, तो दाराजवळच्या स्टुलावर, त्यांचा. त्यावर काळ्या पावाची चकती, मेलेल्या माणसाच्या पेल्यावर ठेवतात तशी. "आणि हे बघ," मी म्हटलं, "पेले भिडवायचे नाहीत. ऐकतोयस का?"

"पदक धुताना भिडवतात की."

"जिवंत माणसाचं धुताना! मेलेल्यासाठी उभं राहून, मुकाट्याने, न भिडवता प्यायची. आपण पदकही धुतोय आणि माणूसही पोचवतोय. भिडवायचं नाही म्हणजे नाही. हातसुद्धा माझ्या जवळ आणू नकोस."

"किती कटकट करतेस," रोद्या म्हणाला. पण उठून उभा राहिला.

बाहेर काळोख होता. स्वयंपाकघरात एकच दिवा. स्टोव्हवर किटली हळूहळू सूं करत होती. मी पेला छातीशी गच्च धरला. रोद्या टेबलाच्या पलीकडे, त्याचा पेला हनुवटीपाशी. दोघांच्या मध्ये टेबलभर अंतर. मी बोलायला तोंड उघडलं, आणि जिन्यावर पावलं वाजली.

या वेळी ती दमलेली नव्हती. दोन-दोन पायऱ्या एकदम चढत होती.

पेट्रोलचा वास आला. दिवा बारीक झाला. स्टुलावरची पावाची चकती घसरून खाली पडली. मी बघत होते, तिला कोणी हात लावला नाही. "आर्सेनी लुकिच," मी म्हटलं, आवाज कसा निघाला कुणास ठाऊक, "हे तुमचं पदक. प्या... आणि जा. लेकराला सोडा..."

आणि तेव्हा तो आवाज आला. काचेवर काच. स्वच्छ, आनंदाचा, लग्नाच्या टेबलावर येतो तसा.

टिंग.

माझा पेला माझ्या छातीशी होता. रोद्याच्या पेल्यातली व्होडका हलत होती, आणि एक थेंब काठावरून त्याच्या मनगटावर ओघळला.

"रोद्या... तू भिडवलास?"

"मी कुठे," तो म्हणाला. तो स्टुलाकडे बघत होता, आणि त्याच्या तोंडावर पुन्हा तेच हसू होतं. "त्याने भिडवला."

मग त्याने पेला एका घोटात रिकामा केला. मी काय करणार, मीही प्याले. स्टुलावरच्या पेल्यात बघितलं तर एक थेंब नव्हता. तळाशी पदक, कोरडं ठक्क. वास गेला होता. फळ्यांवर पाणी नव्हतं. मी गुडघ्यांवर बसून हाताने चाचपून बघितलं आणि रडायला लागले. सुटकेचंच रडू होतं ते.

सासूबाई परतल्या त्या दारातच थबकल्या. डोक्याला टॉवेल गुंडाळलेला, नाकाने हवा हुंगली. मला वाटलं आता आकांत करतील. त्यांनी स्टूल बघितलं, पेला बघितला, आणि अगदी हळू विचारलं, "भिडवलात?"

"आम्ही नाही भिडवला, आई."

"मग?"

रोद्या म्हणाला, "बाबांनी भिडवला माझ्याशी."

त्या तशाच ओल्या केसांनी खुर्चीवर बसल्या. "जिवंत जिवंताशी भिडवतो," त्या पुटपुटल्या. "आणि ते गेलेले... ते आपसात भिडवत असतील..." मला संताप आला. सगळं नीट पार पडलंय, जमीन कोरडी आहे, तर आता हे नवं खूळ! मी त्यांना सूप गरम करून दिलं आणि विषय तिथेच तोडला.

खरंच सगळं थांबलं. पावलं नाहीत, वास नाही. रोद्याच्या डावीकडे कोणी उडेना. नवं आणलेलं फडकं घडीसकट पडून राहिलं. पेलागेयाने छताला चुना लावून घेतला.

वर्षअखेरीला संध्याकाळी आम्ही पेलागेयाला आणि तिच्या नवऱ्याला जेवायला बोलावलं. सरत्या वर्षाला निरोप म्हणून पहिले पेले उचलले. पेलागेयाने माझ्याशी भिडवला, नवऱ्याशी भिडवला, सासूबाईंशी भिडवला. मग रोद्याकडे वळली आणि तिचा हात बोटभर अलीकडे थांबला. तिने तो मागे घेतला आणि प्यायली. तिच्या नवऱ्याने तेच केलं.

"काय हो, माझ्याशी भांडण आहे का?" रोद्या हसून म्हणाला.

"अगंबाई, राहिलंच की!" पेलागेया म्हणाली. पुन्हा भरला, पुन्हा पुढे केला. पुन्हा थांबला. ती आपल्याच हाताकडे बघत राहिली. "थंडीने सांधे आखडलेत मेले."

मला असा राग आला! मूर्ख माणसं, साधा पेला भिडवता येत नाही. मी माझा उचलला आणि टेबलावरून सरळ त्याच्याकडे नेला. देवाशपथ, मला भिडवायचा होता. त्याचा पेला समोर होता, त्यातले बुडबुडे दिसत होते, त्याच्या बोटांची ऊब माझ्या बोटांना लागत होती. आणि माझा हात थांबला. मी जोर लावला. खांदा दुखला. शेवटी मी तशीच, न भिडवता, मुकाट्याने प्याले. सासूबाई उठून खिडकीपाशी गेल्या आणि काळोखाकडे तोंड करून उभ्या राहिल्या.

मी रोद्याला वाचवलं, असं मी स्वतःला रोज सांगते. तो एखाद्या उड्डाणाहून परत आला नाही असं कधी झालं नाही. त्याच्या तुकडीतली किती विमानं समुद्रात गेली. याला खरचटलंही नाही. पोरं झाली, नातवंडं झाली. तो जेवतो, घोरतो, माझ्याशी भांडतो, मिठावरून कटकट करतो. रात्री मी त्याच्या छातीला कान लावते, तर आत ठोके पडत असतात. मग कशाला जिवाला घोर, असं मी म्हणते आणि कूस बदलते.

गेल्या महिन्यात त्याची सत्तरी झाली. हॉल भाड्याने घेतला होता. जुने वैमानिक, शेजारी, पोरंबाळं, ज्यांना यातलं काही माहीत नाही अशी कितीतरी माणसं. मोठ्या मुलाने पेला उचलून बापाबद्दल चार छान शब्द सांगितले. टाळ्या वाजायला हव्या होत्या. त्याऐवजी खुर्च्या सरकल्या. एक उठला, मग दुसरा, मग सगळा हॉल. गाणं थांबलं. सगळे उभे, माना खाली, पेले छातीशी, कोणी कोणाशी भिडवेना. माझे गुडघे वर्षानुवर्षं दुखतात, मला आधाराशिवाय उठता येत नाही. पण मीही उभी होते.

रोद्या एकटा बसलेला होता. त्याने पेला धरून सगळ्यांकडे एकेक करून पाहिलं.

"अरे, बसा की," तो म्हणाला. "गेलंय कोण?"

आणि आमच्यातलं कोणीच बसेना.