हाडांना ऐकू जाणारी उडी

चंद्रावरच्या वसाहतीत सहा मुलं राहत होती. त्या सकाळी दवाखान्याच्या पडद्यावर सहा आकडे उमटले आणि डॉक्टर हेमलता खोब्रागडे विचारात पडल्या. सर्वांत मोठा आकडा समद मुजावरचा होता, शहाऐंशी. त्यांनी समदची तपासणी पुन्हा केली. पुन्हा शहाऐंशीच.

पाच वर्षांचा समद व्यायामयंत्रावर दोन मिनिटंही टिकत नसे. उलट दहा वर्षांची इरावती धामणसकर एकही दिवस न चुकवता रोज पाऊण तास त्या यंत्रावर धावत असे. तिचा आकडा होता एकाहत्तर. सहा मुलांत सर्वांत कमी.

हे आकडे अस्थिघनतेचे होते (अस्थिघनता म्हणजे हाड किती भरीव आहे याचं माप; पृथ्वीवरच्या त्याच वयाच्या मुलाचं हाड शंभर धरून). पाच महिन्यांनी पृथ्वीकडे जाणारं यान येणार होतं. त्यात बसायचं तर आकडा निदान पंच्याहत्तर हवा, नाहीतर पृथ्वीवर उतरताना हाड मोडण्याची भीती. त्यानंतरचं यान थेट दीड वर्षाने होतं. इरावतीची आई चंद्राच्या खडकांचा अभ्यास करायची. तिचं काम संपत आलं होतं. बाबा नांदेडला होते, आणि इरावतीने त्यांना चार वर्षांत फक्त पडद्यावर पाहिलं होतं.

"मावशी, मी रोज धावले," इरावती म्हणाली. "तुम्ही नोंदी बघा."

"बघितल्या गं. तुझं काही चुकलेलं नाही. चुकतंय ते मला सापडत नाहीये," डॉक्टर म्हणाल्या. वसाहतीतली सगळी मुलं त्यांना मावशीच म्हणत.

पुढच्या आठवड्यात इरावतीला एक धडक बसली, आणि त्या धडकेतून वाट सापडली.

स्वयंपाकघरातलं पाणी संपलं होतं. इरावतीने वीस लिटरचा भरलेला कॅन एका हाताने उचलला आणि ती निघाली. चंद्राचं ओढणं पृथ्वीच्या एक षष्ठांश असतं, त्यामुळे तो कॅन तिथे सव्वातीन-साडेतीन किलोंइतकाच हलका लागतो. घाई होती म्हणून ती धावली. वळणापाशी ती थांबायला गेली, पण कॅन थांबेना. त्याने तिला पुढे खेचलं आणि दोघंही भिंतीवर जाऊन आदळली. इरावतीचा खांदा चांगलाच शेकला.

दवाखान्यात बर्फ लावून घेताना तिने विचारलं, "इतका हलका कॅन, मग एवढ्या जोरात कसा लागला?"

"हलकं झालं ते वजन," डॉक्टर म्हणाल्या. "वजन म्हणजे चंद्र त्या कॅनला खाली किती ओढतो ते. पण आतलं पाणी कमी झालंय का?"

"नाही. वीस लिटर ते वीस लिटरच."

"म्हणून त्याचं जडत्वही तेवढंच (जडत्व म्हणजे वस्तू थांबलेली असेल तर थांबूनच राहण्याचा आणि चालती असेल तर चालतच राहण्याचा तिचा हट्ट). उचलायला तो सोपा आहे. पळता कॅन थांबवायचा तर मात्र पृथ्वीवर लागेल तेवढाच जोर इथेही लागतो."

इरावतीने बर्फाची पिशवी खांद्यावरून खाली घेतली आणि म्हणाली, "मग माझंही तसंच असेल ना? मी उभी राहिले तर पाच किलोंची. पण पळत येऊन थांबले तर तीस किलोंची."

डॉक्टरांनी हातातला कापूस खाली ठेवला.

"समद दिवसभर हेच करतो," इरावती पुढे म्हणाली. "स्वयंपाकघराबाहेरच्या बोळात या भिंतीला लाथ मारून त्या भिंतीवर जातो आणि पाय टेकून परत येतो. पेठकरकाका त्याला रोज रागावतात."

त्याच दुपारी दोघींनी प्रयोग केला. डॉक्टरांकडे बुटात घालायची एक पातळ पट्टी होती, दाबमापक (पायावर किती जोर पडला ते सांगणारं साधन). इरावती यंत्रावर धावली. यंत्राचे कमरेला बांधलेले पट्टे तिला खाली ओढत होते, तरी प्रत्येक पावलाला जोर पडला तो पृथ्वीवर नुसतं चालताना पडतो तेवढाच. तोही दर पावलाला अगदी सारखा. मग पट्टी समदच्या पायात बांधली. तो भिंतीवरून भिंतीवर गेला, आणि त्याच्या पृथ्वीवरच्या वजनाच्या तिप्पट जोर पडद्यावर दिसला.

"हाडांच्या आत अस्थिपेशी असतात, म्हणजे हाडातले पहारेकरीच म्हण," डॉक्टरांनी समजावलं. "हाडावर एकदम दाब आला की आतला द्रव हलतो, तो या पेशींना जाणवतो. मग त्या निरोप पाठवतात, इथे बळकटी हवी आहे, बांधकाम करा. पण एकाच चालीचा, हळू जोर पडत राहिला की त्यांना त्याची सवय होते."

"म्हणजे माझं धावणं हाडांना ऐकूच गेलं नाही."

"थोडं गेलं असेल. समदचं मात्र खणखणीत ऐकू गेलं."

आता अडचण वसाहतीचे व्यवस्थापक पेठकर यांची होती. समदच्या पायाने एकदा दिवा फुटला होता, तेव्हापासून त्यांनी उड्यांवर बंदी घातली होती. इरावती त्यांच्याकडे गेली आणि सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"पोरी, ही भिंत फुटली तर बाहेर हवा नाही," ते म्हणाले.

"बाहेरची भिंत नको, काका. बोळाच्या दोन्ही भिंती आतल्याच आहेत. आम्ही त्यांना गाद्या बांधू. दिवे तुम्ही काढून द्या."

पेठकर म्हणाले, "एक महिना. आणि डॉक्टर हजर असतील तेव्हाच."

इरावतीने घराघरांतून सामान गोळा केलं. गाद्या, चादरी, उशा, लाटणी, पाण्याचे कॅन, जोडी हरवलेले मोजे. नुसतं वर उडणं जमणार नव्हतं, कारण चंद्रावर जोराने उडी मारली की डोकं छताला लागतं. म्हणून तिने आडवे खेळ शोधले. भिंतउडीत एका गादीवरून पायांनी रेटा देऊन थोडं वरच्या दिशेने निघायचं, हवेत वळायचं आणि समोरच्या गादीवर दोन्ही पाय टेकायचे. रस्सीखेचीत चादरींना पीळ देऊन दोर केला, पण चंद्रावर पाय घसरतात, म्हणून दोन्ही बाजूंनी दाराच्या चौकटीला पाय रोवून ओढायचं. कॅनचा खेळ तर सगळ्यांना फार आवडला. चादरीच्या झोळीत भरलेला कॅन ठेवून झोका द्यायचा आणि ओरडून सांगितलं की एका क्षणात तो थांबवायचा. लाटणी जमिनीवर मांडून त्यांच्यामधून लंगडी घालत वळणं घ्यायची, मोज्यांच्या चेंडूने बाद करायचं. समद सगळ्यांना भिंतउडी शिकवायचा आणि त्यात फार कडक होता.

मुलांना तासन्‌तास खेळायचं होतं, पण डॉक्टरांनी थांबवलं. "चाळीसेक धक्के बसले की अस्थिपेशींना ऐकू येणं मंदावतं. मग काही तास त्यांना विश्रांती हवी. म्हणून सकाळी दहा मिनिटं, दुपारी दहा, संध्याकाळी दहा."

महिना संपला. तपासणी झाली. इरावतीचा आकडा होता एकाहत्तर.

ती खोलीत गेली. आई जवळ येऊन बसली, तेव्हा ती म्हणाली, "तू बाबांना सांग, मी येत नाही म्हणून."

थोड्या वेळाने डॉक्टर आल्या. त्यांच्या मागे पेठकरही होते. "घराची दुरुस्ती करताना आधी जुना गिलावा खरवडतात," डॉक्टर म्हणाल्या. "हाडही आधी जुनं काढतं, मग नवं भरतं. त्याला तीन-चार महिने लागतात. मागच्या वर्षभर तुझा आकडा दर महिन्याला घसरत होता. या महिन्यात पहिल्यांदाच घसरला नाही."

इरावतीने पेठकरांकडे पाहिलं. महिन्याची मुदत संपली होती.

"गाद्या राहू देत," ते म्हणाले. "मीही परवा दोन उड्या मारून बघितल्या. गुडघा दुखतोय, पण मारेन."

त्यानंतर बोळात रोज तीन वेळा गलका होऊ लागला. मोठी माणसंही रांगेत उभी राहू लागली. दोन महिन्यांनी इरावतीचा आकडा बहात्तर झाला, तीन महिन्यांनी चौऱ्याहत्तर. रस्सीखेचीत तिच्या गटाने पेठकरांच्या गटाला चौकटीतून ओढून काढलं, त्या दिवशी सगळी वसाहत हसत होती.

यान यायच्या आठ दिवस आधी शेवटची तपासणी झाली. पाच मुलं एकामागून एक उत्तीर्ण झाली. इरावती सर्वांत शेवटी तपासणीच्या यंत्राखाली आडवी झाली. तिने डोळे मिटून घेतले होते. डॉक्टरांचा आवाज आला, "उघड डोळे."

पडद्यावर आकडा होता अठ्ठ्याहत्तर.

बाहेर बोळात समदने ते ऐकलं आणि तो एका गादीवरून दुसरीवर, दुसरीवरून पहिलीवर असा सुटला. त्या दिवशी त्याला कुणीच थांबवलं नाही.

पृथ्वीवर यान उतरलं, तेव्हा दारापाशी मुलांसाठी चाकांच्या खुर्च्या तयार होत्या. इरावती उठून उभी राहिली. अंग शिसं भरल्यासारखं जड झालं होतं, मान सरळ धरणंही अवघड जात होतं. परिचारिका खुर्ची घेऊन पुढे आली.

"मी चालून बघते," इरावती म्हणाली.

कठड्याला धरून, मधे दोनदा थांबून, ती उतार उतरली. खाली बाबा उभे होते. शेवटची चार पावलं तिने कठडा सोडून टाकली. बाबांनी तिला घट्ट धरलं.

महिनाभराने नांदेडच्या घरी तिला एक निरोप आला. मंगळाकडे निघालेल्या यानात चार मुलं होती आणि डॉक्टर खोब्रागड्यांनी त्यांना इरावतीचा पत्ता दिला होता. आमच्याकडे जागा फार थोडी आहे आणि इथे वजनच नाही, त्यांनी लिहिलं होतं, आम्ही काय खेळू?

इरावतीने लगेच उत्तर पाठवलं, "आधी मला सांगा, तुमच्याकडे सामान काय काय आहे?"

तासाभराने यादी आली. पाच पांघरुणं, एक झाडू, अकरा रिकाम्या बरण्या आणि दोन लवचीक दोऱ्या. इरावतीने ती दोनदा वाचली, कागद ओढला आणि पहिल्या खेळाचं चित्र काढायला घेतलं.