भिकाजीचा शेवटचा जॉब

भूत रात्रीच येतं असं ज्यांना वाटतं, त्यांच्यासाठी ही गोष्ट नाही. ही भर दुपारची आहे. लख्ख उन्हातली.

आणि खरी आहे. खोटी रचायची असती तर मी दुसऱ्या कोणाच्या घरची रचली असती. हिच्यात आमच्याच माणसाची अब्रू जाते.

माणूस म्हणजे मुरारी, माझा मावसभाऊ. गाव पोलादपूर तालुक्यात, उमरठच्या रस्त्याला. गेल्या वर्षीचे गणपती आटोपले होते. मुंबईकर वीर स्टेशनवरून गाड्या पकडून निघून गेले होते. वाडी एकदम सुनी झाली होती.

मुरारी मात्र या खेपेला परत गेला नाही.

त्याचा थोरला भाऊ भिकाजी उन्हाळ्यात वारला होता. भिकाजीनं घरामागच्या पडवीत जुनं मिलिंग मशीन बसवलं होतं. महाडच्या कारखान्यांना लागणारे लोखंडाचे लहानसहान भाग तो घरबसल्या करून द्यायचा. मुरारीनंही मुंबईत हेच काम केलेलं. आता मशीन आपण चालवायचं असं त्यानं ठरवलं आणि महाडला खेटे घालून पहिली ऑर्डर आणली. ती हुकली असती तर पुन्हा मुंबईत दुसऱ्याच्या दारात उभं राहायची पाळी होती.

अडचण एकच होती.

मशीनच्या व्हाइसमध्ये भिकाजीचा शेवटचा जॉब अजून तसाच होता...

व्हाइस म्हणजे लोखंडी जबडा. ज्या तुकड्यावर काम करायचं, तो जॉब त्यात घट्ट आवळायचा. सैल राहिला तर फिरतं कटर त्याला उचलून फेकतं, मग माणूस वाचला तर नशीब. म्हणून भिकाजीचा एक नियम होता. ज्यानं जॉब आवळला, त्यानंच सोडायचा. दुसऱ्यानं हँडलला हात लावायचा नाही. आवळून झाला की तो तांब्याच्या हातोडीनं जॉबवर दोन ठोके द्यायचा.

टक्... टक्.

आवाज भरीव आला तरच बटण दाबायचा.

त्या दिवशीही त्यानं जॉब आवळला, ठोके दिले आणि जेवायला म्हणून उठला. तो उंबऱ्यातच कोसळला.

तेव्हापासून त्याची बायको दर्शना त्या जॉबला कोणाला हात लावू देत नव्हती. गंज चढू नये म्हणून रोज तेलाचं फडकं फिरवायची. मुरारीला तिनं सांगितलं होतं, मशीन खुशाल चालवा, पण तेवढा एक जॉब मी सांगेन तेव्हा काढा. मुरारीनं हो हो केलं. ती बाजाराला गेल्यावर मात्र जोर मिळावा म्हणून हँडलला पाइप घालून त्यानं जॉब सोडवला आणि भंगाराच्या डब्यात टाकून दिला.

दर्शना परत आली. रिकामा व्हाइस बघितला. तेलाचं फडकं खुंटीला अडकवून आत गेली.

दुसऱ्या दिवसापासून सुरू झालं.

मुरारीनं जॉब आवळला आणि चहा प्यायला गेला. येऊन बघतो तर जॉब सैल... बोटानं हलतोय. विसरलो असू, म्हणून त्यानं परत आवळला. तरी पुढच्या दिवशी तेच. मुंबईत इतकी वर्षं घालवलेला माणूस, जॉब आवळायला विसरेल?

मग एका दुपारी तो जेवून आला आणि घाईत, न तपासताच त्यानं बटण दाबलं.

खाड्!

जॉब कानाला चाटून गेला आणि मागचं कौल फोडून बाहेर पडला. कान रक्तबंबाळ झाला, कटरचे तुकडे झाले. घरात त्या वेळी दुसरं होतं कोण? फक्त दर्शना.

मुरारीचं डोकं फिरलं. संध्याकाळी त्यानं देवळात भावकी गोळा केली. वहिनी सूड उगवते, माझ्या जिवावर उठली आहे, असं चार माणसांत बोलला. वर तिला देवीच्या पायरीवर हात ठेवून शपथ घ्यायला लावली. भावाला जाऊन वर्ष झालं नव्हतं हो! भावकीतली म्हातारी ठकूबाई पदर तोंडाला लावून रडली, पण तोंड उघडायची हिंमत कोणाची झाली नाही.

दर्शनानं पायरीवर हात ठेवला. "मी हँडलला हात लावला असंल तर हा हात झडून जाईल," एवढंच म्हणाली. आणि पिशवी भरून पोलादपूरला भावाकडे निघून गेली.

दुसऱ्या दिवशी दुपारी मुरारी घरात एकटा होता. पडवीच्या दाराला त्यानं आतून कडी घातली. जॉब आवळला. अगदी अंगाचा भार टाकून आवळला. मग कीस झाडायचा ब्रश घ्यायला पाठ वळवली...

टक्... टक्.

तांब्याची हातोडी समोर फळीवर होती. तिला कोणी हात लावला नव्हता.

तो वळला.

हँडल फिरत होतं... हळूहळू, आपोआप. जबडा उघडला आणि जॉब टेबलावर कलंडला.

मुरारी कसाबसा कडी काढून ओटीवर पळाला. पण भीतीच्याही आधी त्याच्या मनात एकच आलं. वहिनी खरं बोलत होती. देवीसमोर, सगळ्यांसमोर आपण तिला चोरासारखं उभं केलं. तो म्हणतो, त्या क्षणी धरणी पोटात घेईल तर बरं, असं वाटलं.

उन्हं कलल्यावर धीर करून तो आत डोकावला.

व्हाइसमध्ये भिकाजीचा जॉब होता... भंगारात टाकलेला तोच. घट्ट आवळलेला. वर ताज्या तेलाचा हात फिरवलेला.

त्यानं सोडवायचा प्रयत्न केला. पाइप घातला, लोंबकळला. पाइप वाकला, हँडल हललं नाही.

मग तो पोलादपूरला गेला. दर्शना दारातच उभी राहिली, आत या म्हणाली नाही. त्यानं सगळं सांगितलं, पाया पडायला वाकला. ती मागे सरली.

"माझ्या पाया पडून काय उपयोग, भावोजी? भावकीसमोर बोललात ना? मग भावकीसमोरच परत घ्या."

बोलायला सोपं. मुरारी कितीतरी दिवस देवळापर्यंत जायचा आणि वळून यायचा. पडवीत तो जॉब तसाच, आणि दुपार झाली की टक्... टक्. महाडची ऑर्डर दुसऱ्याकडे गेली.

शेवटी एकदा त्यानं माणसं बोलावली. भूत म्हणावं तर लोकांनी तेही दर्शनाच्याच माथी मारलं असतं, हिनंच करणी केली म्हणून. ते त्याला कळत होतं. म्हणून मान खाली घालून तो म्हणाला, "वयनीचा काय दोष नाय. जॉब सैल राहत होता, कारण मला नीट आवळता येत नाय."

सगळे हसले. मुंबईचा कारागीर म्हणे! त्यानं ते ऐकून घेतलं.

घरी आला तर व्हाइस सताड उघडा. जॉब गायब. भंगारात नाही, पडवीत नाही, कुठेच नाही. तो आजतागायत सापडला नाही.

दर्शना परत आली. मुरारीला नवं कामही मिळालं. यंदा मी गेलो होतो तेव्हा पडवीच्या दारात उभा राहून बघत होतो. मुरारीनं जॉब आवळला आणि दोन्ही हात बाजूला घेऊन थांबला. मी विचारणार, कसली वाट बघतोस...

टक्... टक्.

फळीवरची हातोडी जागेवरच होती.

आत चुलीपाशी दर्शनाचा पळीचा हात थांबला. तिनंही ऐकलं होतं. तिनं वळून मुरारीकडे बघितलं.

मुरारीनं मान खाली घातली आणि बटण दाबलं. वहिनीच्या नजरेला नजर त्यानं अजून दिलेली नाही.