प्रतीचं हृदय

पहिल्याच तासाला गांगुर्डे मॅडम विद्यार्थ्यांच्या हातून एक हृदय बंद पाडत. ती त्यांची रीतच होती आणि तिचा त्यांना अभिमान होता.

विषय तसा रुक्ष, वस्तुकेंद्री प्रोग्रॅमिंग. बाकीचे प्राध्यापक कुत्र्यामांजरांची नाहीतर बँकेच्या खात्याची उदाहरणं देत आणि पोरं जांभया देत. मंदाकिनी गांगुर्डे यांना असल्या मिळमिळीत शिकवण्याची चीड होती. त्यांनी सरळ तालयंत्रालाच हात घातला. छातीत बसवायचं हे यंत्र आता घरोघरी झालं होतं. दुबळ्या हृदयाला ठोका कधी द्यायचा, हे ते यंत्र स्वतः ठरवत नसे. ते ठरे राज्याच्या ताल केंद्रातल्या संगणकावर, जिथे प्रत्येक रुग्णाची एक ‘वस्तू’ अहोरात्र चालू असे. त्यातल्याच एका वस्तूची, नाव पुसून टाकलेली प्रत केंद्र शिकवण्यासाठी देत असे.

हा धडा इतका गाजला की यंदा तो राज्यभरच्या कॉलेजांत लागू झाला. सगळीकडे पहिला तास आजच, याच वेळेला होता. मॅडमनी तास सुरू करतानाच कॉलेजांचा आकडा सांगितला, आणि पोरांनी नीट ऐकलं नसेल म्हणून पुन्हा एकदा सांगितला.

“साचा आणि मोदक,” त्या म्हणाल्या. “क्लास म्हणजे साचा. त्यातून निघालेला एकेक मोदक म्हणजे ऑब्जेक्ट, आपली वस्तू. साचा एक, मोदक हवे तेवढे. आता दुसरं. वाण्याकडे साखर मागायची असते, त्याच्या पोत्यात हात घालायचा नसतो. वस्तूचंही तसंच. तिला निरोप पाठवायचा, ती उत्तर देईल. तिच्या पोटात काय आहे ते बघायचं नाही. ही हृदयं आहेत, त्यांची नावं कुणालाही दिसता कामा नयेत. कळलं?”

पोरांनी माना डोलावल्या. मोबाइल दाराबाहेरच्या पेटीत ठेवलेले होते. तोही धड्यातलाच नियम, आणि तो शिक्षकांनाही लागू होता.

“रेवण बिराजदार, ये पुढे.”

अक्कलकोटकडच्या एका खेड्यातून आलेला रेवण अंग चोरत पुढे आला. पडद्यावर हिरवी रेघ उड्या मारत होती. तिच्या खाली उजव्या हाताला एका निरोपाचं नाव होतं, ‘थांब’.

“दाब. प्रतच आहे, कुणाला काही होत नाही. पण ज्याने एकदा हृदय थांबवलं, तो पुढे जन्मात निष्काळजी कोड लिहीत नाही.”

रेवणने दाबलं. रेघ आडवी झाली. मॅडमनी दिवे मालवले. आता एक मिनिट सगळ्यांनी गप्प उभं राहायचं, हाही रीतीचाच भाग. पहिल्या बाकावरच्या एका मुलीने ओढणीने डोळे टिपले. मॅडमना बरं वाटलं. धडा पोचत होता.

“मॅडम,” रेवण म्हणाला.

“शांत राहायचं.”

“मॅडम, तसं नव्हे वो. खाली ‘शरीर जोडलेलं’ असं दिसतंय. प्रतीला शरीर कसं असंल?”

“बिराजदार, मिनिट संपू दे.”

तो गप्प बसला. मोठ्या माणसाने गप्प म्हटलं की गप्प बसायचं, हे त्याला घरातूनच शिकवलेलं होतं. मिनिट संपलं, दिवे लागले, आणि मॅडमनी पडद्याकडे नीट पाहिलं. दरवर्षी तिथे ‘शरीर नाही’ असं असायचं.

“आमच्या चुलत्यांच्या वाटण्या झाल्या,” रेवण हळूच म्हणाला, “तेव्हा घरं दोन झाली, चुली दोन झाल्या, पण विहीर एकच राहिली. इथं तसं तर झालं नसंल?”

तसंच झालं होतं. सुट्टीत केंद्राने नवी प्रणाली बसवली होती. जागा वाचावी म्हणून तिच्यात वरवरची प्रत काढली जाई. बाहेरची खोळ नवी, आतलं हृदय मात्र मूळचंच. आणि प्रतीला सगळे अधिकार मोकळे ठेवलेले, कारण काय, तर प्रतच आहे ती. अतिशहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात तो असा.

मॅडमनी धावत जाऊन ‘चालू हो’ दाबलं. रेघ आडवीच राहिली. पुन्हा दाबलं. मग रेघ थरथरली, एक ठोका पडला, दुसरा पडला. खाली अक्षरं आली: ‘शरीर प्रतिसाद देत आहे’. कुठेतरी कुणीतरी माणूस श्वास घेत होता. वर्गातली पोरं एकमेकांना धरून रडायला लागली.

तेवढ्यात रेघ पुन्हा आडवी झाली.

“कोणी हात लावला?”

कोणीच लावला नव्हता. रेवणने ‘चालू हो’ दाबलं, रेघ उठली आणि पुन्हा पडली. मग मॅडमना कळलं. राज्यभरच्या कॉलेजांना एकाच नमुन्याच्या प्रती दिलेल्या होत्या. खोळी तेवढ्या, हृदय एक. कुठल्यातरी गावात कुणीतरी शिक्षक आत्ता पोरांना सांगत होता, दाब, प्रतच आहे.

मॅडमनी पेटीतून मोबाइल काढला आणि ओळखीच्या प्राध्यापकांना एकामागून एक फोन लावले. एकही उचलला गेला नाही. सगळ्यांचे फोन दाराबाहेर पेटीत होते, मॅडमच्या नियमाप्रमाणे. मग त्यांनी ताल केंद्राला फोन लावला.

“प्रणाली बंद करता येत नाही हो मॅडम,” तिथला माणूस म्हणाला. “केली तर राज्यातली सगळीच तालयंत्रं थांबतील. प्रती एकेक करून तोडाव्या लागतील. वेळ लागेल.”

“निदान रुग्ण कोण आहे ते तरी सांगा. डॉक्टर पाठवता येईल.”

“नाव वस्तूच्या पोटात असतं. बाहेरून कुणालाच दिसत नाही. आम्हालाही नाही. तुम्हाला तर माहीतच आहे.”

माहीत होतं. आत्ताच शिकवलं होतं. वाण्याच्या पोत्यात हात घालायचा नसतो.

रेवण की-बोर्डपासून हलला नव्हता. रेघ पडली की तो दाबे, उठली की श्वास सोडे. बाकीची पोरं त्याच्या पाठीशी उभी राहिली होती आणि त्याचं बोट दमलं की दुसरा पुढे होत होता. दर वेळी रेघ उठायला आधीपेक्षा जास्त वेळ घेत होती. ते पाहून मॅडमना रडू आलं आणि त्यांनी ते लपवलं नाही.

तास संपल्याची घंटा झाली. दाराबाहेर दुसऱ्या तुकडीची पोरं गोळा झाली, मोबाइल पेटीत टाकायला लागली. प्रत्येक कॉलेजात अशीच दुसरी तुकडी आत शिरत असणार होती.

रेवणने पडद्यावरची नजर न काढता विचारलं, “मॅडम, तास सुरू होताना तुम्ही आकडा सांगितला होता. किती कॉलेजं म्हणालात?”

तो आकडा तासाभरापूर्वी त्यांनी दोनदा सांगितला होता. आता त्यांना तो तोंडातून काढवेना.