उत्तराआधी आलेली हिरवी खूण

“मॅडम, माझा नवरा माझ्या बोटामुळे गेला का, तेवढं सांगा. बाकी मला काही नको.”

फोनवरचा आवाज रडका नव्हता. रडून रडून कोरडा झालेला होता. कारखान्यांच्या निरीक्षकबाईंनी नोकरीभर असले आवाज ऐकले होते, तरी त्यांनी हातातला चहा तसाच ठेवला आणि गाडी काढली.

खोक्यांचा कारखाना. पुठ्ठा तापवायला वाफ लागते, वाफेला नळ्या लागतात आणि नळ्यांची देखभाल करायला फिटर लागतो. तो फिटर म्हणजे तिचा नवरा. गेल्या आठवड्यात एका नळीचा सांधा फुटला आणि तो जागीच संपला. कंपनीचा अहवाल तयार होता: सांधा गळतो हे त्याला माहीत होतं, त्याने तक्रार केली नाही, सबब चूक त्याची. मेलेला माणूस उलट बोलत नाही, ही मालकांची मोठीच सोय असते.

ती त्याच कारखान्यात पॅकिंगला होती. फाटकाशेजारच्या खोलीत ती बसली होती आणि तिच्याजवळ तिचा थोरला भाऊ. हा भाऊ कारखान्याचा सुरक्षा अधिकारी. बहीण आणि मेहुणा दोघांनाही त्यानेच इथे चिकटवलं होतं.

“तक्रार कुणी लिहिली?” बाईंनी विचारलं.

“मी. त्यांना टायपिंग जमायचं नाही. विसाव्याच्या खोलीत संगणक आहे, तिथे बसलो दोघं. त्यांनी नव्या मोबाईलवर सांध्याचा चांगला स्पष्ट फोटो काढला होता. तो जोडला आणि बटण दाबलं.”

“मग?”

“दाबलं तोच हिरवी खूण आली. ‘तक्रार मिळाली’ म्हणून. पान हललं नाही की बदललं नाही, फक्त आमचं लिहिलेलं पुसलं गेलं. मग मागचा माणूस बसला.”

“अगं, पण माझ्याकडे आलीच नाही,” भाऊ म्हणाला. “आली असती तर मी हातावर हात ठेवून बसलो असतो का? मॅडम, अशी काही तक्रार होती हेच मला सगळं उरकल्यावर हिच्या तोंडून कळलं.” त्याने बहिणीच्या पाठीवर हात ठेवला. “गडबडीत दुसरंच बटण दाबलं गेलं असेल. होतं असं माणसाकडून.”

किती मायेने बोलला! ती मान खाली घालून स्वतःच्या बोटाकडे बघत राहिली.

मॅनेजर गोड माणूस होता. बाईंना असल्या गोड माणसांचा मनापासून वीट आला होता.

“पंख्यांच्या तक्रारी येतात, नळाला पाणी नसल्याच्या येतात. मग हिचीच कशी आली नाही? पाठवलीच नाही, दुसरं काय.”

“मशीनची तक्रार आली तर काय करता?”

“मशीन बंद. तपासल्याशिवाय चालू करायचं नाही. नियमच आहे आमचा.”

“आणि मशीन बंद पडलं की बोलणी कोण खातं?”

मॅनेजर हसला. “सुरक्षा अधिकारी. पण त्यांनी तशी वेळ फारशी येऊच दिली नाही. म्हणून तर त्यांना आता वरच्या जागेवर नेतोय.”

भावाने स्वतःच्या खोलीत बाईंना तक्रारीचं पान दाखवलं. त्यांनी दोन शब्द लिहिले आणि बटण दाबलं. छोटं चक्र फिरू लागलं. थोड्या वेळाने हिरवी खूण आली. बाईंनी संगणकाची नेटची तार उपटली आणि पुन्हा बटण दाबलं. चक्र फिरलं आणि लाल अक्षरं आली: ‘तक्रार पोचली नाही’.

“बघा,” भाऊ म्हणाला. “पान खोटं बोलत नाही. नाही गेली तर तोंडावर सांगतं.”

फाटकाजवळ परत जाऊन बाईंनी तिला एवढंच विचारलं, “बटण दाबल्यावर चक्र फिरलं होतं?”

“कसलं चक्र?”

“नीट आठवून सांग.”

“चक्रबिक्र काही नव्हतं, मॅडम. बोट उचलायच्या आत खूण आली.”

“चल, तो संगणक दाखव.”

विसाव्याच्या खोलीत दोन बाकं आणि एक कळकट संगणक होता. पडद्यावर तक्रारीचं पान उघडंच होतं. वर कागद चिकटवलेला: ‘हा संगणक किंवा त्यावरचे पान कोणीही बंद करू नये. – सुरक्षा अधिकारी.’

“हे पान कधी बंद होतं?”

“कधीच नाही. एक उठतो, दुसरा बसतो. कामगाराला तक्रारीची सोय कायम उघडी हवी, असा दादाचा हुकूम आहे.”

बाईंनी इथलीही नेटची तार उपटली. दोन शब्द लिहिले. बटण दाबलं.

लगेच हिरवी खूण आली. ‘तक्रार मिळाली’.

उपटलेली तार बाईंच्या हातात लोंबत होती. फिटरची बायको त्या तारेकडे आणि पडद्याकडे आळीपाळीने बघत राहिली. बाईंनी पडद्याचा फोटो काढला आणि त्या पानाला कुणाचा हात लागू नये म्हणून दाराशी पहारेकरी उभा केला.

संगणकाचं काम बघणाऱ्या माणसाला दरदरून घाम फुटला होता.

“पान तू बदललंस?”

“हो. मला सांगितलं म्हणून.”

“कधी?”

“अपघात झाला त्याच सकाळी फोन आला. अजून आरडाओरडा चालू होता, मॅडम. तेवढ्यात, ‘ते पान आधी नीट कर’ म्हणून.”

“कुणाचा फोन?”

त्याने सांगितलं. बाईंनी दोनदा विचारून खात्री करून घेतली.

मग मॅनेजरच्या खोलीत सगळ्यांना बसवलं. बाई उभ्याच राहिल्या.

“हे पान तक्रार मागच्या मागे पाठवतं,” त्या म्हणाल्या. “समोरचं पान तसंच राहतं, आणि तिकडच्या मुख्य संगणकाकडून उत्तर आलं की मग खूण दाखवायची, अशी रीत. पण उत्तर यायला वेळ लागतो, कामगार खोळंबतात. म्हणून इथे उत्तराची वाट न बघता खूण दाखवायचं ठरलं. पंख्याच्या तक्रारी पोचत होत्या, तेव्हा कुणाला शंका आली नाही. पण तक्रारीला नव्या मोबाईलचा मोठा, जड फोटो जोडला की तिकडून ती नाकारली जायची. खूण मात्र हिरवीच! नाकारलेल्या तक्रारींची नोंद राहते. फिटरची तक्रार त्यात आहे, फोटो मोठा म्हणून नाकारलेली, त्याच्या नावासकट. आणखीही आहेत, सगळ्या मशीनच्या. पंख्याचा फोटो कोण काढतो?”

“म्हणजे तांत्रिक चूक,” मॅनेजर घाईघाईने म्हणाला.

“चूक होती, कळेपर्यंत. संगणकाचं काम बघणाऱ्या या माणसाने ती फार पूर्वी एकाला सांगितली. तो म्हणाला, राहू दे. फोटोवाली तक्रार आली की मशीन थांबवावंच लागतं, त्यापेक्षा न आलेली बरी. अपघात झाला तेव्हा तोच माणूस सगळ्यात आधी पानाकडे धावला. फिटरने तक्रार केल्याचं तेव्हा कुणी बोललंही नव्हतं. ज्याला तक्रारीचं सगळं उरकल्यावर कळलं, त्याला त्या सकाळी पान नीट करायची घाई का व्हावी?”

भावाचा चेहरा पांढरा पडला.

“तुम्ही पान बदललंत,” बाई सरळ त्याच्याकडे वळल्या, “पण नवं पान येतं ते पुन्हा उघडल्यावर. विसाव्याच्या खोलीतलं पान तुमच्याच हुकमाने कधी बंद होत नाही. तिथे जुनं पान अजून जिवंत आहे. अजून खोटं बोलतंय.”

“नळी फुटेल असं वाटलं नव्हतं गं,” भाऊ बहिणीला म्हणाला. “गळती तर सगळीकडेच असते. वरची जागा मिळाली की सगळं मार्गी लावणार होतो.”

“नोंद बघितली होतीस तू? त्यांचं नाव बघितलंस?”

त्याने मान वर केली नाही.

“आणि तरी मला म्हणालास, दुसरं बटण दाबलं असशील.”

फोन करून पोलिसांना बोलावणं झालं, कागद झाले, भावाला घेऊन गेले. बाई फाटकापर्यंत तिच्यासोबत चालत आल्या. या घटकेला काहीतरी बरं सांगता यावं, असं त्यांना फार वाटत होतं.

“तुझं बोट बरोबर पडलं होतं,” त्या म्हणाल्या. “तू काहीच चुकली नाहीस.”

ती थांबली. हाताचा अंगठा त्याच बोटावरून फिरवत राहिली.

“चुकले असते तर बरं झालं असतं, मॅडम,” ती म्हणाली. “नवरा गेलाच होता. भाऊ तरी उरला असता.”