रिपोर्टच्या आधीची मागणी

नांदेडच्या त्या दवाखान्यात गरम पाण्याच्या नळावर दोघांचे हात एकदमच पडले, अन् अयोध्याचा थर्मास धाडकन खाली!

"बघून चालता येत नाही?"

"चालतोय कुठं मॅडम... उभाच हाय की!"

तिनं हसू दाबलं. लातूरच्या क्लासमध्ये जीवशास्त्र शिकवणारी बाई ती, अशी लगेच हसेल होय! पण धर्माबादचा हा मिरची व्यापारी, व्यंकट, निघाला शेजारच्याच खाटेवरच्या बाईंचा मुलगा. मग काय, रोज नळाशी नजरानजर, अन् त्याच्या डब्यातला ठेचा तिच्या ताटात.

त्याची आई कावेरीबाई अन् तिचे वडील ग्यानोबा, दोघांना केमोचं औषध एकच. तरी कावेरीबाई मजेत भाकरी खायच्या, अन् ग्यानोबांचं तोंड इतकं सोललेलं की पाणीही उतरेना.

डॉक्टरांनी समजावलं, "काहींच्या जनुकांत जन्मतःच फरक असतो. औषध शरीरात साचून राहतं. रक्त तपासू, त्यावरून डोस कमी करू. तेवढाच डोस पुन्हा दिला तर जिवावर बेतेल."

ग्यानोबांनी हात आखडून घेतला. "न्हाई! भूकंपात घर बसलं तवा बी डगमगलो न्हाई. पर रक्तात खोट हाय म्हणून गावभर झालं, तर माझ्या पोरीला कोण करंल?"

"अण्णा, खोट नाही हो ती, नुसता फरक..."

शेकडो पोरांना आनुवंशिकता शिकवली तिनं, पण बाप ऐकेल तर शपथ! तिला रडूच कोसळलं.

व्यंकटला ते बघवेना. तो खाटेशी आला. "काका, रक्त द्या. रिपोर्ट काय बी येऊ द्या... मी मागणी घालून राहिलो. आत्ताच, रिपोर्टच्या आधी."

आसपासच्या खाटांवरचे सगळे माना वळवून बघायला लागले!

"आईला इचारलंस का?" ग्यानोबा पुटपुटले.

कावेरीबाई शेजारून कडाडल्या, "मला काय इचारायचं? ठेचा मला बोटभर अन् तिला वाटीभर! कवाच कळलंय मला."

अयोध्यानं डोळे पुसले. "अन् मला? मला कुणी विचारायचं की नाही?"

व्यंकटचे कान लालेलाल. "विचारतो की... हो म्हणशील... म्हणजे, म्हणाल का?"

किती गोड गडबडला होता तो! तिला आतून उकळ्या फुटत होत्या, पण आवाज मात्र क्लासमधलाच —

"आधी अण्णांचं रक्त घेऊ द्या. मग हो म्हणते."

ग्यानोबांनी घाईघाईनं बाही वर सारली.

"घ्या हो सिस्टर, लवकर! पोरगी थांबलीय."